‘स्पाइस’ला गांजा म्हणू नका

पाकिटावर ‘हर्बल इन्सेन्स’ असं लिहिलेलं, खाली बारीक अक्षरांत ‘मानवी सेवनासाठी नाही’. आत वाळक्या पानांचा दोन-तीन ग्रॅम चुरा, वास व्हॅनिलाचा नाहीतर ब्लूबेरीचा. हाच ‘स्पाइस’, म्हणजे कृत्रिम नशा फवारलेला पाला. विकणारा सांगतो, ‘गांजाच आहे, फक्त टेस्टमध्ये सापडत नाही.’ या वाक्याचा दुसरा अर्धा बहुतेक वेळा खरा असतो. पहिला अर्धा साफ खोटा. ओढणारा गांजाच्या हिशोबाने कश घेतो, कोसळला की मित्र गांजाच्या हिशोबाने त्याला झोपवून ठेवतात आणि आई-बाप गांजाची टेस्ट करून निर्धास्त होतात. तिन्ही हिशोब चुकतात, आणि माणसं दगावतात ती बरेचदा या चुकलेल्या हिशोबांपायी.

मुळात त्या पानांचा काही दोष नसतो. ती कुठल्याही निरुपद्रवी झाडाची असू शकतात. नशा असते ती वरून फवारलेल्या रसायनाची. मूळ वस्तू म्हणजे प्रयोगशाळेत बनलेली पूड. ती द्रावकात विरघळवून पानांवर मारतात आणि वाळवतात. आजकाल पानांची गरजही उरलेली नाही. तीच वस्तू व्हेपच्या द्रवात असते किंवा कागदात मुरवलेली असते. ब्रिटनच्या तुरुंगांत कैद्यांना आलेली पत्रं झेरॉक्स काढून द्यायची पद्धत पडली ती यामुळेच. पत्राचा कागदच माल असायचा.

या रसायनांचा जन्म मात्र गुन्हेगारीत झालेला नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ मेंदूतल्या सीबी-१ आणि मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असणाऱ्या सीबी-२ या रिसेप्टरांचा (पेशींवरच्या ज्या जागांना गांजातली रसायनं चिकटतात त्यांचा) अभ्यास करण्यासाठी एकामागून एक संयुगं बनवत होते. त्यांच्या नावाची आद्याक्षरं त्या मालिकेला मिळाली: जेडब्ल्यूएच. संशोधन रीतसर छापलं गेलं, कोणालाही वाचता येण्याजोगं होतं. कोणीतरी ते वेगळ्याच हेतूने वाचलं. २००८ च्या शेवटी जर्मनीतल्या प्रयोगशाळांना ‘स्पाइस’ नावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटांत जेडब्ल्यूएच-०१८ सापडलं. जानेवारी २००९ मध्ये जर्मनीने बंदी घातली आणि काही आठवड्यांतच तशाच पाकिटांत जेडब्ल्यूएच-०७३ आलं. तेव्हापासून हा पाठशिवणीचा खेळ चालू आहे. अमली पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या युरोपच्या यंत्रणेच्या यादीत अशी अडीचशेहून जास्त संयुगं जमा झाली आहेत.

जाता जाता एक खुलासा. ‘सिंथेटिक’ म्हटलं की विषारी असं नसतं. केमोथेरपीच्या उलट्यांसाठी काही देशांत दिलं जाणारं नॅबिलोन हेही कृत्रिम कॅनाबिनॉइडच, म्हणजे त्याच रिसेप्टरांवर काम करणारं रसायनच आहे. पण त्याच्या कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं आणि तितकंच असतं. पाकिटातल्या मालाची सगळी गोची तिथेच आहे.

आता हिशोब का चुकतो ते. गांजातलं नशा आणणारं रसायन म्हणजे टीएचसी. ते सीबी-१ रिसेप्टरला चिकटतं, पण त्याला पूर्ण चालू करत नाही. नळाची चावी अर्धी फिरवून अडकावी तसं. आणखी टीएचसी ओतलं तरी चावी फार पुढे जात नाही. औषधशास्त्रात याला अर्धवट उत्तेजक म्हणतात. स्पाइसमधली बहुतेक संयुगं पूर्ण उत्तेजक आहेत. ती चावी शेवटपर्यंत फिरवतात, शिवाय टीएचसीपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतात. त्यात जेडब्ल्यूएच-०१८ सारखं संयुग लिव्हरने मोडल्यावर जे तुकडे तयार होतात, त्यांतले बरेचसे पुन्हा त्याच रिसेप्टरवर काम करतात. शरीर विष बाहेर टाकायला जातं आणि मध्येच त्याला जोडीदार मिळवून देतं.

‘गांजाने कोणी मेलेलं ऐकलंय का?’ हा प्रश्न कट्ट्यावर नेहमी येतो. गांजामुळे श्वास सहसा बंद पडत नाही, कारण मेंदूच्या ज्या बुडाशी श्वासाचं नियंत्रण आहे तिथे सीबी-१ रिसेप्टर फार थोडे आहेत. पण तो दाखला इथे चालत नाही. इथे माणूस फिट येऊन, हृदयाची लय बिघडून, बेशुद्धीत उलटी श्वासनळीत जाऊन किंवा शरीर तापून मरतो. श्वास मंदावल्याच्याही नोंदी आहेत. न्यूझीलंडमध्ये २०१७ पासून वर्ष-दीड वर्षात चाळीसहून अधिक मृत्यूंशी एएमबी-फ्युबिनाका आणि ५एफ-एडीबी या दोन संयुगांचा संबंध लागला. रशियात २०१४ च्या शरद ऋतूत एमडीएमबी-फ्युबिनाकाने दोन आठवड्यांत सहाशेवर माणसं आजारी पडली आणि पंधरा मेली.

मात्रेचं गणित एका प्रत्यक्ष घटनेवरून करू. १२ जुलै २०१६ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका दिवशी ३३ माणसं रस्त्यावर खांबासारखी थिजली. डोळे उघडे पण नजर शून्य, हालचाल यंत्रासारखी, तोंडातून कण्हल्यासारखा आवाज. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘झोंबी’ म्हटलं. अठरा जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. ‘एके-४७ २४ कॅरट गोल्ड’ नावाच्या त्या मालात दर ग्रॅमला सरासरी १६ मिलिग्रॅम एएमबी-फ्युबिनाका निघालं. अर्ध्या ग्रॅमचा जॉइंट धरला तर झाले ८ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत मोजलं तर हे संयुग टीएचसीच्या सुमारे ८५ पट तीव्र. ८ गुणिले ८५ म्हणजे ६८० मिलिग्रॅम टीएचसीइतका जोर. गांजात दहा टक्के टीएचसी धरलं तर तेवढ्याच जॉइंटमध्ये ५० मिलिग्रॅम असतं. प्रयोगशाळेतली तीव्रता माणसाच्या शरीरात जशीच्या तशी लागू होत नाही हे मान्य, तरी फरक किती पटींचा आहे ते यातून दिसतं. आणि मघाशी सांगितलेली अर्ध्यावर अडकणारी चावी इथे नाहीच.

१६ मिलिग्रॅम ही सरासरी आहे, आणि सरासरीनेच घात होतो. त्याच मालाच्या नमुन्यांत सरासरीच्या आजूबाजूला जवळपास चार मिलिग्रॅमचा चढउतार होता. फवारणी काही औषध कंपनीत होत नाही. ढिगाच्या वरच्या पानांवर कमी बसतं, तळाला द्राव साचतो, पूड नीट विरघळली नसेल तर पानाच्या सुरकुतीत तिचे खडे राहतात. हादऱ्यांनी सुटलेलं बारीक भुकटं पाकिटाच्या तळाशी जमतं. त्यामुळे एकाच पाकिटातला पहिला जॉइंट ‘काहीच झालं नाही’ म्हणून सोडून दिला जातो आणि शेवटचा माणसाला आडवा करतो. दोघांनी एकच जॉइंट फिरवला, एक हसतोय आणि दुसऱ्याला फिट आली, असंही होतं. मुरवलेल्या कागदाचं तर विचारूच नका. कागद उभा वाळत घातला तर द्राव खालच्या कडेला ओघळतो. वरच्या कोपऱ्याचा तुकडा आणि खालच्या कोपऱ्याचा तुकडा या दोन वेगळ्याच वस्तू होतात.

व्हेपचा धोका वेगळा. वास नाही, धूर विरळ, आणि विकणारा त्याला ‘टीएचसी ऑइल’ म्हणतो. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाने ३८ शाळांनी जप्त केलेले ५९६ व्हेप तपासले. त्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: दर सहांमागे एकात स्पाइस. मुलांना आपण गांजाचं तेल ओढतोय असं वाटत होतं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्रीच बंद आहे, म्हणजे इथे हातात पडणारा प्रत्येक व्हेप चोरवाटेने आलेला असतो, त्यात काय भरलंय हे तपासणारं कोणी नसतं. आणखी एक फसवा प्रकार युरोपात २०२० पासून दिसतो. टीएचसी नगण्य असलेलं कायदेशीर हेम्पचं (गांजाच्याच जातीच्या झाडाचं) फूल घ्यायचं आणि त्यावर एमडीएमबी-४इएन-पिनाका फवारायचं. दिसायला, वासाला अस्सल गांजा. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना ‘मी तर फक्त नैसर्गिकच घेतो’ हा भरवसा वाटत असेल, तर त्या भरवशाला फारसा आधार नाही.

ओढणारे लोक जे सांगतात त्यात एक ठरावीक क्रम दिसतो. कश घेतल्यावर मिनिटाच्या आत डोक्यात धाडकन काहीतरी बसतं. गांजासारखं हळूहळू चढत नाही. छातीत धडधड इतकी की कानात ऐकू येते. मग काळ थांबल्याची जाणीव: तेच वाक्य, तोच क्षण पुन्हा पुन्हा घडतोय, यातून आता सुटका नाही. ‘आपण मेलोय’ अशी खात्री पटणं हा अनुभव इतके जण सांगतात की त्याला अपवाद म्हणता येत नाही. हातापायांत जोर राहत नाही, बोलायचं असतं पण जीभ वळत नाही. उलटी तर जवळपास ठरलेली. अर्ध्या-एक तासात मुख्य झटका ओसरतो आणि नंतर बरंचसं आठवत नाही. न आठवण्यामुळेच माणूस पुन्हा ओढतो. त्याला आठवतो तो पहिला जोर. खाली पडणं, कपड्यात लघवी होणं, मित्रांच्या अंगावर धावून जाणं हे सगळं इतरांनी पाहिलेलं असतं.

काहींची भीती ओसरत नाही. पोलीस मागावर आहेत, घरचे विष घालताहेत, मोबाइलमधून कोणीतरी बोलतंय, असे भ्रम दिवसेंदिवस, कधी काही आठवडे टिकतात. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर धोका आणखी वाढतो. हा टप्पा आला की ‘नशा उतरली की ठीक होईल’ म्हणून वाट पाहू नये. भीतीपोटी गच्चीवरून उडी मारणं, रस्त्यावर धावत सुटणं यात जीव जातो. मानसोपचारतज्ज्ञ लगेच गाठावा आणि तोवर माणसाला एकटं सोडू नये.

शरीराच्या नुकसानीत हृदय आणि किडनी ही दोन ठिकाणं लक्षात ठेवावीत, कारण तरुण माणसाच्या बाबतीत डॉक्टरलाही आधी त्यांचा संशय येत नाही. टेक्सासमध्ये के-टू (स्पाइसचंच तिकडचं नाव) ओढल्यावर छातीत दुखतंय म्हणून आलेल्या तीन मुलांना हार्ट अटॅक आल्याचं २०११ मध्ये छापून आलं. तिघांचंही वय १६. तेव्हा सतरा वर्षांचा पोरगा छातीवर हात ठेवून बसला असेल तर ‘अॅसिडिटी’ म्हणून गोळी देऊ नका, ईसीजी काढा. किडनीचं प्रकरण २०१२ चं: अमेरिकेच्या सहा राज्यांत १६ जणांच्या किडन्या अचानक निकामी झाल्या, पाच जणांना डायलिसिस लागलं. काहींनी ओढलेल्या मालात एक्सएलआर-११ सापडलं. सुरुवात अगदी साधी होती, मळमळ, उलट्या, पोटात किंवा पाठीत-कुशीत दुखणं. कोणीही याला पोट बिघडलं म्हणेल. ओढल्यानंतर एक-दोन दिवसांत उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, तर क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) केल्याशिवाय घरी बसू नये. वेदनेसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन तर मुळीच घेऊ नये. आधीच दमलेल्या किडनीवर तो आणखी एक घाव.

आणि कधी कधी विष संयुगाचं नसून भेसळीचं असतं. मार्च २०१८ पासून अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात माणसं नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातंय म्हणून येऊ लागली. मालात ब्रोडिफाकूम होतं, उंदीर मारायचं औषध. हे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या जातीचं पण शरीरात महिनोन्‌महिने मुक्काम करणारं विष. त्या राज्यात दीडशेहून जास्त रुग्ण सापडले, काही दगावले. इलाज आहे, व्हिटॅमिन के-१ च्या मोठ्या मात्रा, पण त्या आठवडा-पंधरवड्याच्या नसतात, कित्येक महिने चालतात. गोळ्या मध्येच बंद केल्या की रक्तस्राव पुन्हा सुरू. रक्त गोठवणारे घटक संपायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी काढलेला आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) नॉर्मल येऊ शकतो. दोन दिवसांनी पुन्हा काढावा लागतो.

आता कोसळलेल्या माणसाचं काय करायचं.

आपल्याकडे भांग चढली की उतारा म्हणून लिंबू, चिंच, लोणचं, ताक द्यायची रीत आहे. शुद्धीतल्या माणसाला त्याने अपाय होत नाही, फायदाही नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंबही घालू नये. गिळण्याची क्रिया जागेवर नसते, सगळं श्वासनळीत जातं. फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवणं, दातांत चमचा घालणं, हातपाय दाबून धरणं हे चारही प्रकार बाजूला ठेवा. चमच्याने दात तुटतात आणि तुकडा घशात जातो.

त्याऐवजी असं करा. आधी हाक मारून खांदा हलवा. उत्तर नसेल तर छाती वर-खाली होतेय का ते दहा सेकंद बघा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा: खालचा हात समोर, वरचा गुडघा वाकवून जमिनीला टेकवलेला, तोंड किंचित जमिनीकडे, म्हणजे उलटी आपसूक बाहेर येईल. उताणं ठेवून उशी देणं ही सगळ्यांत वारंवार होणारी चूक आहे. श्वास नसेल किंवा मिनिटात दोन-चार आचके येत असतील तर छातीच्या मध्यावर दाब सुरू करा, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. फिट आली तर वेळ बघा. डोक्याखाली दुमडलेला शर्ट, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर क्षणभरही थांबू नका, हॉस्पिटल गाठा. अंग भट्टीसारखं तापलं असेल तर कपडे सैल करून ओल्या फडक्याने पुसा, पंखा लावा. माणूस हिंसक झाला असेल तर चार जणांनी त्याच्या छातीवर बसू नये. दाबून धरल्याने तो अधिक झटापट करतो, स्नायू फुटतात, श्वास कोंडतो. दिवे मंद करा, एकानेच हळू आवाजात बोला, बाकीच्यांनी खोलीबाहेर जावं.

हॉस्पिटलात जाताना पाकीट, उरलेला चुरा, व्हेपची कांडी, जे असेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. पोलिसांच्या भीतीने ते नाल्यात टाकलं जातं, आणि डॉक्टरच्या हातात काहीच राहत नाही. किती वाजता ओढलं, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या होत्या का, फिट किती वेळ चालली, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहिल्या तरी पुष्कळ. एमएलसी (पोलिसांत नोंदवावी लागणारी केस) होईल म्हणून मित्राला गेटवर टाकून पळणारे असतात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं आहे की जीव वाचवण्याचे उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. हे तिथे मोठ्याने म्हणायला लाजू नका.

यावर उतारा म्हणावं असं इंजेक्शन नाही. उपचार लक्षणांवर होतात: लॉराझेपाम किंवा मिडॅझोलामसारखी औषधं, ज्याने फिट आणि धुमाकूळ दोन्ही शमतात, शिरेतून सलाइन, ईसीजी, रक्तातली साखर, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि सीपीके, म्हणजे स्नायूंच्या नुकसानीची तपासणी. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर स्नायू विरघळून किडनीत अडकताहेत असं समजायचं. हॅलोपेरिडॉल हे भ्रमावरचं औषध पहिल्या झटक्याला देऊन टाकायची सवय इथे महागात पडू शकते, कारण ते फिटचा उंबरठा खाली आणतं आणि ईसीजीतला क्यूटी हा टप्पा लांबवतं, ज्याने हृदयाची लय बिघडू शकते. उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉनही क्यूटी लांबवतं, म्हणून ईसीजी आधी. अफूच्या जातीच्या नशेवरचा उतारा असलेलं नॅलोक्सोन कॅनाबिनॉइडवर काम करत नाही. पण बुबुळं टाचणीएवढी झाली असतील आणि श्वास मंद असेल तर ते देऊन बघावं, कारण मालात अफूच्या जातीचं काही मिसळलेलं असू शकतं. सिएरा लिओनमध्ये ‘कुश’ नावाने जे विकलं जातं त्यात कृत्रिम कॅनाबिनॉइड आणि नायटाझीन हे प्रचंड तीव्र ओपिऑइड दोन्ही सापडलं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्यापायी आणीबाणी जाहीर केली.

टेस्टची गोष्ट आई-वडिलांसाठी. मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची पट्टी टीएचसीचा एक विशिष्ट तुकडा शोधते. स्पाइसमधल्या संयुगांची रचनाच निराळी, त्यामुळे पट्टी निगेटिव्ह येते. पकडायला मास स्पेक्ट्रोमेट्री ही मोठ्या प्रयोगशाळेतली तपासणी लागते, आणि तीही नेमकं काय शोधायचं ते माहीत असेल तर. ब्रुकलिनच्या ज्या आठ रुग्णांचे नमुने तपासले, त्यांच्या शरीरात मूळ एएमबी-फ्युबिनाका सापडलंच नाही. ते इतक्या लवकर मोडतं की फक्त त्याचं आम्ल उरलेलं होतं. म्हणून पट्टी निगेटिव्ह आली की मुलगा खोटं बोलत नाही असा अर्थ काढू नका आणि पॉझिटिव्ह आली म्हणजे फक्त गांजाच आहे असंही समजू नका. पट्टीपेक्षा दिसणाऱ्या खुणा जास्त सांगतात: तासातासाला बाहेर जाणं, रात्री दोन-तीनदा उठून गॅलरीत, सकाळी उठल्याउठल्या ओकाऱ्या, घामाने भिजलेली चादर, वजन झपाट्याने उतरणं.

रात्री उठणं ही फार महत्त्वाची खूण आहे. गांजा रोज ओढणाराही रात्री झोपतो. स्पाइसचा अंमल तोकडा आणि सवय झपाट्याने वाढणारी, त्यामुळे काही आठवड्यांत माणूस अर्ध्या-एक तासाच्या चक्रात अडकतो. शरीरातून उतरलं की लगेच तलफ, हातांना कंप, पोटात पिळा. ज्याला आपल्याकडचे जुने गर्दवाले ‘टर्की’ म्हणायचे तो प्रकार इथेही होतो, आणि ‘गांजाची कसली आलीय टर्की’ म्हणून घरचे त्याला नाटक समजतात. शेवटच्या कशानंतर काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त छळतो: घाम, उलट्या, छातीत धडधड, झोप अजिबात नाही, चिडचिड इतकी की दरवाजे फुटतात. काहींना याच काळात फिट येते. दिवसातून पाच-दहा वेळा ओढणाऱ्याने म्हणूनच खोलीत कोंडून घेऊन एकट्याने बंद करू नये, घरच्यांनीही तसं कोंडू नये. पहिले तीन-चार दिवस डॉक्टरच्या नजरेखाली काढावेत. घरीच असेल तर ओआरएसचा एक सॅशे एक लिटर पाण्यात, घोट घोट करून. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा. लघवी फारच कमी झाली, फिट आली किंवा भास सुरू झाले तर घरची वेळ संपली. कोणाच्या तरी औषधपेटीतल्या झोपेच्या गोळ्या देऊन गप्प करणं मात्र नको. रात्री गोळी घेऊन वर कश मारला तर श्वासाची काळजी दुप्पट होते.

झोप आणि चिडचिड सुधारायला दोन आठवडे सहज जातात. या काळात पुन्हा ओढलं तर जुन्या सवयीची मात्रा शरीराला झेपत नाही, आणि दरम्यान बाजारातला मालही बदललेला असतो. १ जुलै २०२१ पासून चीनने अशा संयुगांच्या अख्ख्या गटावर बंदी घातली, तर लगेच त्या व्याख्येबाहेरचे नवे सांगाडे आले. त्याच नावाचं, त्याच रंगाचं पाकीट महिन्यापूर्वी आणि आज, आत वेगळंच काही. जे थांबायला तयार नाहीत त्यांना इतकं तरी सांगावं: एकटे ओढू नका, दारूबरोबर नको, चिलीम-बाँग नको कारण एका दमात फार आत जातं, आणि पाकिटाच्या तळाचं भुकटं फेकून द्या. याने माल सुरक्षित होत नाही, फक्त कोणीतरी बघायला असतं.

मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी मंडळी आहेत. त्यांना हे नवं नाही. तिथे ‘सिंथेटिक’ हा शब्द घराघरांत पोहोचलाय आणि अमली पदार्थांच्या व्यापारावर नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१८ मध्ये जाडजूड अहवालही दिला. आपल्याकडे अजून सगळं ‘गांजा’ या एका शब्दात कोंबलं जातं. कायद्याच्या अंगाने तर ही भेळ फार नडते. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची शिक्षा कलम २० खाली, मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांची कलम २२ खाली, आणि वजनाच्या मर्यादा वेगवेगळ्या. फवारलेल्या पाल्यावर ‘थोडा गांजा होता’ हा बचाव चालेलच असं नाही. दिलासा देणारं कलम आहे ते ६४-अ: सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पण उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. वकिलाला हे पहिल्या दिवशीच विचारावं.

मदतीसाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि ‘मानस’ या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनची १९३३ आहे. केंद्रात भरती करताना फॉर्मवर ‘कोणता पदार्थ’ अशी ओळ असते. तिथे बहुतेक नातेवाईक ‘गांजा’ लिहितात, आणि मग रुग्णाला साध्या वॉर्डात ठेवलं जातं, रात्रीच्या नर्सला फिटची कल्पना नसते. त्या ओळीत लिहा: ‘फवारलेला, सिंथेटिक, दिवसातून अमुक वेळा, शेवटचा कश अमुक वाजता.’ जागा पुरली नाही तर समासात लिहा.